दहा मिनिटांच्या चित्रपटाआधी एक चेंडू

प्रश्न : मी २४ वर्षांची असून सोलापूरच्या पूर्व भागात राहते. बी.कॉम. झाल्यावर गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करते. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांत मला ‘ए’ श्रेणी मिळाली होती. पुढे चित्रकला सुटली. गेल्या गड्डा यात्रेच्या वेळी आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर आणि कुंभारकन्या यांच्या कथेवर दहा मिनिटांचा ॲनिमेशनपट करायचे मनाशी ठरवले. घरी चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. त्यावर तीन-चार सॉफ्टवेअर टाकून पाहिली, यूट्यूबवरचे धडे पाहिले. पण माझे पात्र चालू लागले की घसरत गेल्यासारखे दिसते आणि त्याने हात उचलला तर तो पाण्यात असल्यासारखा तरंगतो. कामावरून आल्यावर रोज तासभर मिळतो. एका खासगी क्लासने वर्षाच्या कोर्ससाठी नव्वद हजार रुपये फी सांगितली असून हप्त्यांची सोय आहे. वडील म्हणतात, आता एआय सगळे करते, कशाला पैसे घालवतेस. मी सुरुवात कुठून करू, कोणत्या क्रमाने शिकू आणि क्लास लावू का?

उत्तर : तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक हिशेब मांडू, आणि हिशेब हा तुमचा रोजचा विषय असल्याने तो तुम्हाला लगेच पटेल. चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रे, असतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एक चित्र सहसा दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे लागतात. दहा मिनिटांचे ६०० सेकंद, म्हणून ७,२०० चित्रे, आणि तीही पडद्यावर एकच पात्र आहे असे धरून. रोजच्या तासात दहा स्वच्छ चित्रे झाली असे मानले, तरी ७२० संध्याकाळी लागतील. आणि एवढ्यात अजून कुंभारकन्येने तोंड उघडलेले नाही, यात्रेची गर्दी आलेली नाही, तळ्याचे पाणी हललेले नाही. चित्रपट करू नका असे माझे म्हणणे नाही. सिद्धरामेश्वरांशी विवाहाची इच्छा धरणारी मुलगी आणि त्यांनी तिला योगदंडाशी विवाह लावायची दिलेली परवानगी, ही कथा दृश्यांत विचार करणाऱ्या कोणालाही खुणावील अशीच आहे. पण तो चित्रपट शिकून झाल्यावरचे काम आहे, शिकण्याचे साधन नव्हे. त्यासाठी एक वेगळी वही घाला, सुचेल ते तीत टिपत राहा आणि तूर्त त्याचे एकही चित्र रंगवू नका.

नवशिक्यांची गाडी बहुधा अडते ती क्रम लावतानाच. आधी अमुक सॉफ्टवेअर, ते आले की तमुक, मग त्रिमितीचे, अशी यादी केली जाते आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची बटणे शिकण्यात महिने जातात; हालचाल मात्र जिथल्या तिथे राहते. क्रम लावायचा तो हालचालीचा लावावा. आधी वजन असलेली निर्जीव वस्तू, मग कशाला तरी जोडलेली आणि मागाहून डोलणारी वस्तू, मग हाडे नसलेले पण जिवंत वाटणारे शरीर, त्यानंतर सांध्यांचे शरीर आणि सर्वांत शेवटी विचार करणारे पात्र. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. चालणाऱ्या माणसाच्या कमरेत उसळणाऱ्या चेंडूचेच वजन असते आणि त्याच्या हातात डोलणाऱ्या काठीचाच विलंब असतो. तुम्ही थेट चौथ्या पायरीवर पाय ठेवला, म्हणून पात्र घसरते आहे. त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. इंटरमिजिएटपर्यंत वस्तुचित्र केलेला हात या कामाला पुरेसा आहे.

पहिली पायरी उसळणाऱ्या चेंडूची. ती बालवाडीतली वाटते आणि म्हणूनच बहुतेक जण ती अर्ध्या तासात उरकतात. तुम्ही उरकू नका. एक आलेख कागद घ्या. छातीच्या उंचीवरून, म्हणजे साधारण सव्वा मीटरवरून, सोडलेला चेंडू जमिनीवर पोचायला जवळपास अर्धा सेकंद घेतो. अर्धा सेकंद म्हणजे १२ फ्रेम आणि १२ फ्रेम म्हणजे दोन-दोन फ्रेमचे सहा टप्पे. पडणाऱ्या वस्तूचा नियम असा, की वेळेच्या समान टप्प्यांत ती १, ३, ५, ७ अशा विषम पटींत अंतर कापते; त्यामुळे सुरुवातीपासून मोजलेले अंतर १, ४, ९, १६, २५, ३६ असे वाढत जाते. कागदावर ३६ चौकटींची उंची आखा, सुटण्याच्या क्षणीचा चेंडू अगदी वर शून्यावर काढा आणि मग वरून खाली मोजत त्या सहा रेषांवर एकेक चेंडू काढा. पहिल्या टप्प्यात तो जेमतेम एक चौकट उतरतो आणि शेवटच्या टप्प्यात अकरा चौकटींची झेप घेतो. चित्रांमधल्या या अंतराला स्पेसिंग म्हणतात आणि पूर्ण हालचालीला किती फ्रेम लागल्या त्याला टायमिंग. पुढची अनेक वर्षे तुम्ही याच दोन गोष्टींशी झगडणार आहात, तेव्हा त्यांची ओळख अशी मोजूनमापून झालेली बरी.

वर जाताना हाच क्रम उलटा होतो. मात्र दुसरी उसळी पहिलीपेक्षा ठेंगणी असते आणि इथे एक चूक हटकून होते : उंची कमी केली जाते, पण फ्रेमची संख्या तीच ठेवली जाते. उंची चौथाई झाली की लागणारा वेळ निम्मा होतो. उंची निम्मी झाली तर वेळ साधारण सात दशांशावर येतो, म्हणजे १२ फ्रेमच्या जागी आठ किंवा नऊ. हे सांभाळले नाही तर शेवटच्या बारीक उसळ्या आळसावतात आणि चेंडू कंटाळल्यासारखा वाटतो. जमिनीला टेकण्याच्या एकाच चित्रात चेंडू चपटा करा आणि पुढच्याच चित्रात त्याला पूर्ववत आकार द्या. चपटा करताना जेवढा दाबाल तेवढा आडवा पसरू द्या, कारण उंची घटली आणि रुंदी वाढली नाही, तर पाहणाऱ्याला चेंडूतली हवा गेल्याचा भास होतो.

असे तीन चेंडू करा : एक लोखंडी गोळा, एक रबरी चेंडू, एक फुगा. तिघांचाही आकार तोच, रंग तोच, फक्त टायमिंग आणि स्पेसिंग वेगळे. मग घरातल्या कोणाला तरी, शक्यतो ज्यांना ॲनिमेशनचे काडीचे कौतुक नाही अशा व्यक्तीला, काही न सांगता तिन्ही दाखवा आणि यातले जड कोणते, असे विचारा. न अडखळता उत्तर आले तर पायरी झाली. नाही आले तर पुन्हा कागद घ्यायचा. याला आठवडा लागेल की महिना, ते मी सांगणार नाही, कारण तारखा ठरवल्या की माणूस तारीख गाठतो आणि चेंडू तसाच राहतो.

दुसऱ्या पायरीचा धडा तुम्ही दर जानेवारीत पाहता. यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतला मानकरी नंदीध्वजाची उंच काठी तोलत चालतो, तेव्हा त्याच्या पावलांकडे न बघता काठीच्या टोकाकडे बघा. तो पुढे निघतो, पण टोक क्षणभर मागे राहते. तो थांबतो, पण टोक आणखी पुढे जाते, मग परत येते, पुन्हा थोडे कमी जाते आणि असे कमी-कमी होत स्थिरावते. हालचालीचा उगम बुडाशी असतो आणि टोकापर्यंत ती उशिरा पोचते. केसांच्या शेपट्यालाही हेच लागू पडते, पदराला, शर्टाच्या बाहीला आणि उचललेल्या हाताच्या बोटांनाही. व्यायाम म्हणून एक चौकोन उजवीकडे सरकवून थांबवा आणि त्याच्यावर रोवलेली बारीक काठी, तिच्या टोकाला छोटी पताका, एवढेच काढा. चौकोन थांबल्यावर काठी दोन फ्रेम उशिराने थांबायला सुरुवात करील आणि पताका त्याहून उशिरा. जुन्या मंडळींनी अशा नियमांची बारा तत्त्वे बांधली आहेत आणि डिस्ने स्टुडिओतल्या फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन या दोघांनी ती १९८१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. यादी पाठ करण्याची घाई नको. चेंडू आणि पताका नीट केलीत, तर बारांपैकी चार-पाच तत्त्वे तुमच्या हाताला आपोआप कळलेली असतील.

तुमच्या पात्राचा हात तरंगतो, त्याचे कारणही इथेच सापडते. तुम्ही बहुधा हात खाली आणि हात वर अशा दोन ‘की पोझ’, म्हणजे हालचालीच्या दोन टोकांच्या स्थिती, देऊन मधली चित्रे संगणकाकडून भरून घेतली असावीत. संगणक दोन्ही टोकांना सारखाच हळूपणा देतो, शिवाय खांदा, कोपर आणि मनगट एकाच फ्रेमला सुरू करून एकाच फ्रेमला थांबवतो. खरा हात तसा उठत नाही. आधी खांदा निघतो, मग कोपर, आणि मनगट लोंबकळत मागून येते. शिवाय नवशिका प्रत्येक हालचालीला हवा त्याच्या दुप्पट वेळ देतो. फळ्याकडे झटकन बोट दाखवायला सेकंदाचा तिसरा हिस्सा, म्हणजे आठ फ्रेम पुरतात, आणि त्यानंतर हात तिथे थोडा वेळ स्थिर राहिला तरच पाहणाऱ्याला तो दिसतो.

हे अंदाजाने करायचे नाही. फोनवर स्वतःचाच हात चित्रित करा, लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा आणि ‘ई’ ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. एवढे लक्षात ठेवा, की फोन सहसा सेकंदाला ३० फ्रेम घेतो. म्हणजे चित्रणातल्या १५ फ्रेम तुमच्या १२ फ्रेमच्या बरोबरीच्या. आई भाकरी थापते ते अशाच रीतीने चित्रित करून पाहा. तळहात पडतो, भाकरी किंचित फिरते, हात उठतो आणि पुन्हा पडतो. वजन, लय आणि पुन्हा पहिल्या जागी येणारी हालचाल हे सारे तिथे एका सेकंदात मिळते. मात्र चित्रीकरणावर कागद ठेवून हुबेहूब गिरवू नका. गिरवलेले ॲनिमेशन विचित्रपणे निर्जीव दिसते. फ्रेम मोजा, टोकाची पोझ कोणती ते ओळखा आणि मग चित्रण बंद करून आपल्या मनाने काढा.

तिसरी पायरी म्हणजे अर्धे भरलेले पोते. जगभरच्या ॲनिमेशनच्या वर्गांत पिठाचे पोते देतात. तुम्ही मंगळवेढ्याच्या ज्वारीचे घ्या. त्याला हात नाहीत, चेहरा नाही, फक्त चार कोपरे आणि आत सरकणारे धान्य. ते उडी मारू द्या, दमू द्या, रुसून भिंतीकडे तोंड करून बसू द्या. चेहऱ्याशिवाय भाव दाखवता आला, की पुढे चेहऱ्याच्या आड लपायची सवय लागत नाही.

आता चालण्याकडे, कारण तुमचे पत्र मुळात त्यासाठीच आले आहे. सामान्य चालीत एका पावलाला सुमारे १२ फ्रेम लागतात आणि दोन पावलांचे एक पूर्ण चक्र २४ फ्रेममध्ये बसते. पहिल्या फ्रेमला पुढची टाच टेकलेली, सातव्याला एक पाय दुसऱ्याला ओलांडतो आहे, तेराव्याला दुसरी टाच टेकलेली, एकोणिसाव्याला पुन्हा ओलांडणे. आधी हीच चार चित्रे काढा. टाच टेकल्यानंतर लगेच वजन येते, गुडघा वाकतो आणि डोके सर्वांत खाली जाते. ओलांडून झाल्यावर शरीर मागच्या पायाच्या चवड्यावर उचलले जाते आणि डोके सर्वांत वर जाते. डोक्याची ही खाली-वर लाट नसेल तर पात्राला वजन उरत नाही. उजवा पाय पुढे असताना डावा हात पुढे असतो, हे सगळ्यांना ठाऊक असते; कंबर आणि खांदे एकमेकांच्या उलट फिरतात, हे मात्र बरेच जण विसरतात.

पात्र घसरते ते टेकलेल्या पायामुळे. पात्र जागच्या जागी चालते आणि मागचे दृश्य सरकते अशा रचनेत, जमिनीवर टेकलेले पाऊल प्रत्येक चित्रात अगदी सारख्या अंतराने मागे जायला हवे. पाऊल १८ चौकटींचे असेल तर सहा चित्रांत दर वेळी तीन चौकटी. एकदा दोन आणि एकदा चार असे झाले, की पाय घसरला. दृश्यसुद्धा तेवढ्याच वेगाने सरकले पाहिजे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : पात्र दोन-दोन फ्रेमने हलत असेल आणि दृश्य मात्र दर फ्रेमला सरकत असेल, तर मोजमापे अचूक असूनही पाय थरथरत घसरतात. दोन्ही एकाच चालीने ठेवा. तसेच पंचविसावी फ्रेम ही पहिल्याचीच नक्कल असते, तेव्हा ती चक्रात ठेवू नका. ठेवलीत तर दर सेकंदाला पात्र किंचित अडखळेल आणि कारण सापडता सापडणार नाही. तुमच्या भागात हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. मागावर नक्षी विणणाऱ्या जेकार्डच्या साखळीतले एक कार्ड चुकीचे पंच झाले, तर चादरीवर नक्षी जेवढ्या वेळा फिरून येते तेवढ्या वेळा तोच दोष उमटतो. चालीच्या चक्रातल्या एका चुकलेल्या चित्राचे नेमके तेच होते.

साधी चाल जमली की तिच्यात माणसे भरा. नवी पेठेतल्या गर्दीत पिशव्या घेऊन चालणारी बाई, पाळी संपवून निघालेला यंत्रमाग कामगार, पार्क चौकात कोणाची तरी वाट पाहत येरझारा घालणारा मुलगा. प्रत्येकाच्या चालीतला कोणता अवयव पुढाकार घेतो, छाती, पोट, की खाली झुकलेले डोके, ते उभ्या उभ्या छोट्या वहीत टिपा. घाईघाईच्या रेखाटनाची ही सवय परीक्षांसाठी घटवलेल्या वस्तुचित्राहून वेगळी आहे आणि ती लागायला वेळ लागतो.

विचार करणाऱ्या पात्राबद्दल आज थोडेच सांगतो. पात्राला हाक ऐकू आली तर आधी डोळे वळतात, मग मान, मग धड. आणि वळण्याआधी शरीर किंचित उलट दिशेला जाते. दहा सेकंदांच्या आत संपणारा असा एखादा प्रसंग घ्या. संवाद हवा असेल तर आवाज आधी ध्वनिमुद्रित करा आणि त्याच्यावर चित्रे बसवा. मराठीत ‘प’, ‘ब’, ‘भ’, ‘म’ या उच्चारांना ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत, ‘ओ’ आणि ‘उ’ला गोल झाले पाहिजेत, बाकीचे थोडेफार इकडेतिकडे झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही.

साधनांचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला. सुरुवातीचे चेंडू कागदावरच करा. कचेरीतल्या पंचने कागदांना दोन भोके पाडा, लाकडी फळीवर त्याच अंतरावर दोन खिळे उलटे ठोका, म्हणजे प्रत्येक कागद नेमका एकाच जागी बसेल. खालून उजेड येण्यासाठी काच आणि दिवा पुरतो. नंतर फोनने एकेक छायाचित्र घेऊन जोडा. लॅपटॉपवर जायचे तेव्हा पेन्सिलटूडी हे मोफत आणि हलके सॉफ्टवेअर चार जीबीवर चालेल. क्रिटाही मोफत असून त्याचे ब्रश अधिक चांगले आहेत, फक्त चित्राचा आकार १२८० बाय ७२० पिक्सेलच्या वर नेऊ नका. दोन्हींत ओनियन स्किनची सोय आहे, म्हणजे आधीचे चित्र पुसट दिसत राहते. ब्लेंडर या त्रिमितीच्या मोफत सॉफ्टवेअरसाठी तुमचा लॅपटॉप अपुरा आहे. रॅम वाढवता आली तर पुढे बघा. मोफत म्हणजे दुय्यम असा समज मात्र ठेवू नका : ब्लेंडर २००२ पासून मुक्त स्रोत असून त्यात तयार झालेल्या ‘फ्लो’ या चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. संगणकावर पेनने चित्र काढायची पाटी, म्हणजे पेन टॅब्लेट, पोत्याच्या पायरीपर्यंत पोचल्यावर घ्या आणि पडदा नसलेली साधीच घ्या.

कधी चित्रे काढायचा कंटाळा आला, तर आगपेटी घ्या. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट काड्या एकेक फ्रेमला सरकवून केला होता, आणि ते तंत्र आज तुमच्या फोनवर होते. फोन पुस्तकांच्या चळतीत घट्ट अडकवा, प्रकाशाची आपोआप जुळवणी बंद करा, दर छायाचित्राला काड्या जराशा हलवा. खिडकीचा उजेड नको, कारण तो बदलत राहतो. आणि पंखा बंद ठेवावा लागतो, त्यामुळे सोलापूरच्या मे महिन्यात हा प्रयोग रात्री उशिरा केलेला बरा.

या सगळ्या काळात प्रत्येक व्यायाम पुरा करा. अर्धवट राहिलेल्या वीस गोष्टींपेक्षा शेवटच्या फ्रेमपर्यंत नेलेले तीन सेकंद अधिक शिकवतात, कारण चुका बहुधा शेवटी, म्हणजे वस्तू थांबताना, होतात आणि अर्ध्यात सोडणाऱ्याची त्यांच्याशी गाठच पडत नाही. पात्र दहा सेकंद नीट वावरू लागले, की तुमच्या चित्रपटाची वही उघडा आणि अक्षता सोहळ्याची, म्हणजे त्या विवाहाच्या प्रसंगाची, वीस सेकंदे निवडा. स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगाची क्रमवार कच्ची चित्रे, काढा आणि ती आवाजासह कालपट्टीवर लावून जो कच्चा चित्रपट तयार होतो, तो ॲनिमॅटिक पाहा. तिथेच कळेल की गर्दी स्थिर चित्रात भागते आणि हलायला हवी ती फक्त काठी आणि हवेत उधळलेल्या अक्षता. कोणती गोष्ट हलवायची नाही, हे ठरवण्याचे धैर्य आले, की ७,२०० चित्रांचा आकडा बराच खाली येतो.

तुमच्या वडिलांचे म्हणणे अगदीच गैर नाही. मधली चित्रे भरणे, रंग भरणे, पार्श्वभूमी तयार करणे या कामांत यंत्राचा शिरकाव झाला आहे आणि तो वाढेल. केवळ या कामांच्या भरवशावर नोकरी सोडू नये, असे मीही सांगेन. पण यंत्राने दिलेल्या दृश्यात पाय घसरतो आहे, की वजनच नाही, की हात एक टप्पा आधी थांबतो आहे, हे ओळखून दुरुस्त करायला चेंडूपासून शिकलेले डोळे लागतात. ते तुम्हाला आत्ता नाहीत, म्हणून तर पात्र का घसरते हे तुम्हाला मला विचारावे लागले. वडिलांना तीन चेंडूंचा प्रयोग दाखवा. पैसे न घालवता सुरुवात होते आहे हे दिसले, तर त्यांचा अर्धा विरोध मावळेल.

पुढे रीतसर शिक्षण घ्यायचे मनात असेल, तर बी.कॉम.ची पदवी आड येत नाही. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागात ॲनिमेशनचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि त्यासाठी सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिला कोणत्याही शाखेचा तीन वर्षांचा पदवीधर बसू शकतो, वयाची अट नाही, आणि तिच्या दुसऱ्या भागात चित्रे काढून उत्तरे द्यावी लागतात. रस्त्यावरच्या चाली टिपलेली तुमची वही तिथे थेट कामाला येईल. नोकरीसाठी पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत अर्ज करताना प्रमाणपत्राआधी शोरील, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाची चित्रफीत, पाहिली जाते. ती मिनिटभराची असावी, सर्वांत चांगले काम सुरुवातीला असावे आणि कच्चे काम, ते कितीही आवडते असले तरी, तीत नसावे.

राहिला क्लास. आत्ता लावू नका. चेंडू, पताका आणि पोते एवढे स्वतः करा आणि ते घेऊन त्या क्लासमध्ये जा. तिथल्या शिक्षकाने तुमच्या चेंडूतली चूक दाखवून दिली, तर तो शिक्षक कामाचा. केवळ सॉफ्टवेअरची नावे आणि नोकरीची हमी सांगितली गेली, तर उठून या. विद्यार्थ्यांनी स्वतः केलेल्या हालचाली पाहायला मागा, जाहिरातीतली चित्रे नव्हे. प्रत्यक्ष कोण शिकवणार आणि त्याने कोणत्या कामावर हात चालवला आहे, हे विचारा. आणि हप्त्यांच्या कागदावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा, कारण अशा सोयीत बहुधा एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज तुमच्या नावावर निघते. क्लासला पूर्ण रक्कम आधीच मिळालेली असते, आणि तुम्ही दुसऱ्या महिन्यात क्लास सोडलात तरी हप्ते शेवटपर्यंत तुमच्याच पगारातून जात राहतात.